खुराड्यावरचं गोणपाट

दिवस कलला की आमची ही परसात जाते. मूठभर बाजरी टाकून कोंबड्यांना खुराड्यात घेते, ओला झालेला भुसा काढून कोरडा पसरते आणि वरून गोणपाट सोडते. वाऱ्याच्या बाजूला अगदी जमिनीपर्यंत, दुसऱ्या बाजूला मात्र वीतभर उघडं, आत वाफ कोंडू नये म्हणून. शेवटी दाराला धोंडा लावते, कारण मुंगसाचा भरवसा नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून हे सगळं मी मागच्या पायरीवर बसून बघतो. काल सहज म्हणालो, "थंडी पडल्यापासून एक अंडं नाही आणि बडदास्त बघा यांची."

गोणपाटाचं टोक खोचत ती म्हणाली, "आजवर दिलीच की. आता त्या गारठल्यात, तर आपण बघायचं."

आतली कुरकुर हळूहळू मंदावली. एकमेकींना बिलगून बसल्या असाव्यात. त्या शांततेनं मलाही उगाच बरं वाटलं.

हात झटकत ती घरात गेली आणि माझी शाल घेऊन आली. मागून खांद्यांवर टाकली आणि वाऱ्याच्या बाजूनं नीट खोचली.

अंड्यांचा विषय मी पुन्हा काढला नाही.