टाक्यातली हाक

अठ्ठावीस जण आत गेले होते. फाटकावर सत्तावीसच परत आले. दोनदा मोजलं. स्वतःला धरायचं राहिलं असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. सत्तावीसच. माझ्या शिफ्टमधले शकूरचाचा नव्हते.

मी कामतघरच्या एका पॉवरलूम कारखान्यात सुपरवायझर. वर्षातून एकदा अख्खी शिफ्ट सहलीला नेतो. या वेळी अभयारण्य, आत डोंगरावर पडका किल्ला. मोबाइलला रेंज नाही.

चार जुने कारागीर घेऊन मी वर पळालो. पळालो हा शब्द माझं पोट लक्षात ठेवून वाचावा. वनरक्षक ताई तिथल्याच गावच्या. त्या खालची वाट शोधायला गेल्या.

किल्ल्यावर आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. थांबून कान दिला. काही नाही. तासभर तेच. मग ताई वर आल्या आणि जागीच थबकल्या.

"साहेब, मानूस वरडतोय. तुमाला आयकू येत न्हाय?"

"कुठे?"

"तुमच्या पायाखाली!"

कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, कोरडं. काठावर गवत. तळाला चाचा, मांडीचं हाड बाहेर आलेलं.

"मास्तर, कितना चिल्लाया," ते म्हणाले. "तुम्हारे जूते दिख रहे थे."

आम्ही पाचही जण पंचवीस-तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेले. खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, आम्ही हातवाऱ्यांनी आणि ओठ बघून बोलतो. घरी बायको म्हणायची, "अहो, टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जातोय." मी म्हणायचो, तुझाच आवाज हल्ली बारीक झालाय.

चादरीच्या झोळीत घालून चाचांना खाली आणलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी काहीतरी विचारलं.

"काय?" मी म्हणालो.

"इतका उशीर का केलात?" ते ओरडले. "रक्त किती गेलंय!"

पाय वाचला नाही.

आता कबुलीचं. मालकांनी कानात घालायची बुचं कधीच आणून दिली होती. खोकं मी कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. सगळ्यांनी बुचं घातली तर माझं ओरडणं कोण ऐकणार, असा हिशेब. हल्ली शिफ्ट सुरू होताना स्वतः वाटतो. निम्मे जण खिशात टाकतात.

दर शुक्रवारी चाचांकडे जातो. ते बोलतात, मी त्यांच्या ओठांकडे बघतो.

सहलीला माणसं मोजून न्यावीत, हे मला ठाऊक होतं. त्यातल्या किती जणांना ऐकू येतं, तेही मोजावं. सुरुवात स्वतःपासून.