जावयाचा क्लब

आमच्या अरविंददादाला फुटबॉलमधलं काय कळतं? काही नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्याला आजही सांगता येणार नाही. शनवारा भागात शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं दुकान, सकाळी पूजा, दिवसभर गिऱ्हाइकं आणि संध्याकाळी तापीकडे एक चक्कर, बस, एवढंच त्याचं आयुष्य. पण इंग्लंडातला क्लब विचारला की छाती फुगवून सांगायचा, "आपण एव्हर्टनवाले."

खेळाशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या घरात क्लब सोयरिकीवरून ठरतात. अलकावहिनीचा भाचा ललित जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरीला आहे, म्हणून वहिनी डॉर्टमुंडची. त्यांचा रंग पिवळा, हळदीसारखा, म्हणून ती आणखी खूश. दादाची एकुलती एक लेक तेजस्विनी लिव्हरपूलला हॉस्पिटलात लागली, तेव्हा दादाने त्या गावाच्या नावाचा लाल क्लब धरला आणि गल्ल्यामागे लाल झेंडाही लावला. माझं स्वतःचं परदेशात कोणी नाही, म्हणून मी कोणाचीच नाही. बरं आहे, डोक्याला ताप नाही.

मग तेजूचं लग्न झालं. मुलगा नीलेश, जळगावकडचा, लिव्हरपूललाच कंप्युटरच्या कामावर. पहिल्या दिवाळसणाला आला तो निळा टी-शर्ट घालून. आमच्या शहरात दोन क्लब आहेत, एक लाल, एक निळा एव्हर्टन, आणि आपण निळे, असं त्याने जेवता जेवता सांगितलं. झालं! दादाने दुसऱ्या दिवशी झेंडा काढला. मी म्हटलं, "अरे, लेक आपली की पाहुणा?" तर म्हणे, "वैजू, जावयाच्या उलट जायचं नसतं. त्यांचा मान असतो." तेजू तिथेच ताटं उचलत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून मॅच संपली की दादाचा फोन ठरलेला. तेजूने उचलला की म्हणायचा, "बरी आहेस ना? दे पाहुण्यांना." मग, "काय पाहुणे, जिंकलो का आपण?" आणि जे हसणं सुरू व्हायचं ते शेजारपाजारी ऐकू जाई. हरले तर अर्धा तास समजूत. अलीकडे तर तो थेट पाहुण्यांनाच फोन लावायचा, तेजू ड्यूटीवर असते म्हणे. मी वैतागायचे. लेक या माणसाने मुलाला दिली की क्लबाला, हेच मला कळेना.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. पाहुण्यांना येणं जमणार नव्हतं, म्हणून दादाने पार्सल करायचं ठरवलं. वहिनीने उन्हाळ्याच्या उकाड्यात बसून अनारसे तळले. तांब्याचं ताट आणलं, दिवा आणला. वर दादाने दुकानातल्या निळ्या कापडाचा मफलर शिवून घेतला. उन्हाने जीव चाललाय आणि हा मफलर शिवतोय.

पार्सल पोचलं. नीलेशने मफलर गळ्यात घालून, ताट एका हातात धरून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, "थँक यू बाबा." दादा दुकानात येईल त्याला तो फोटो दाखवत सुटला.

त्याच दुपारी लोधीपुऱ्यात माझ्या घरी तेजूचा फोन आला.

"आत्या, बाबांनी त्याला वाण पाठवलं?"

"हो गं. पार्सल उघडलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"मी त्या घरात राहतच नाही. होळीच्या आधीच निघाले. लीड्सला आहे, मैत्रिणीकडे."

मग तिने सांगितलं. आधी नुसतं ओरडणं, मग ढकलणं, मग हात. "एकदा माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि बाबांचा फोन आला. मीच उचलला. बाबा म्हणाले, दे पाहुण्यांना. मी दिला. आत्या, ते दोघं हसत होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग बापाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आणि ते त्याच्याच बाजूने बोलले तर? मग मला माहेरही उरणार नाही."

मी गप्प बसणारी बाई नाही. तशीच रिक्षा करून शनवाऱ्यात गेले, दुकानातली गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि दादाला सगळं तोंडावर सांगितलं. आणि हा काय म्हणाला? "भांडणं कुठे होत नाहीत? पाहुणे तसे नाहीत, वैजू. मी त्यांच्याशी किती वर्षं बोलतोय."

खरं सांगते, तेव्हा मला माझ्या सख्ख्या भावाचा राग आला. मी त्याचा मोबाइल उचलून त्याच्यापुढे धरला. "ह्या फोटोत तुझी लेक कुठे आहे, दाखव."

"फोटो तीच काढत असेल ना."

"त्याने स्वतःच काढलाय तो. त्याचा दुसरा हात बघ, फोनकडे लांबवलेला."

दादाने फोटो मोठा केला. हात पाहिला, मागची खोली पाहिली. तेजूचं कुठेच काही नव्हतं. "मी मागितला की ती लगेच फोन द्यायची," एवढंच म्हणाला. वहिनी आतून आली, तिला कळलं तशी रडायला लागली. मग दादाने तेजूला फोन लावला.

"तेजू, आत्याने सांगितलं. तो क्लब आजपासून बंद. तू राहतेस तिथला जो असेल तो आपला. नाव सांग."

"बाबा, मला फुटबॉल आवडत नाही. कधीच आवडत नव्हता."

"मग तुला काय विचारू गं? मला दुसरं काही येतच नाही."

"विचारा, फार लागलं का."

दादाने विचारलं. ती हो म्हणाली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.