आठ शब्द आणि माझी लाल सही

लातूरला क्लासमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. मुलं येतात ती फिजिक्स आणि बायोलॉजीसाठी. इंग्रजीचा तास म्हणजे डोकं टेकवून दहा मिनिटं झोपायची सोय. म्हणून मी एक यादी करून ठेवली होती. दोन गोष्टींतलं साम्य दाखवायला इंग्रजीत काय काय म्हणता येतं, त्याचे आठ शब्द: सिमिलरली, लाइकवाइज, इक्वली, इन द सेम वे आणि असेच आणखी चार. दरवर्षी मी ती फळ्यावर लिहायचे आणि बजावायचे, "दोन्ही बाजू नीट पाहिल्याशिवाय हे शब्द वापरायचे नाहीत. एक बाजू बघून साम्य ठरवतो तो मूर्ख." हे मी म्हणायचे बरं का. मोठ्या तोऱ्यात.

शब्द दिले की प्रत्येकावर स्वतःचं एक वाक्य करून आणायला सांगायचे. शंभर-सव्वाशे वह्या जमायच्या. मी चहा पीत पीत त्यांवर सह्या ठोकायचे.

एका वर्षी मग चाचणी घेतली. त्यातले कुठलेही चार शब्द वापरून एक परिच्छेद लिहायचा होता. तपासताना दोन पेपरांत एकच वाक्य सापडलं, शब्दाला शब्द. रुळाची तपासणी करणारा माणूस एकेक बोल्ट बघत चालतो, लाइकवाइज परीक्षेला बसलेल्यानं एकेक शब्द बघत जावं, असं काहीसं. वाक्य मला फार आवडलं. दोघी मुली शेजारी बसणाऱ्या. एक लातूरच्याच डॉक्टरांची, इंग्रजी शाळेत शिकलेली. दुसरी मुदखेडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, इथं हॉस्टेलवर राहणारी.

कुणी कुणाचं बघितलं हे ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही. मी पेपरांवरची नावं वाचली. खरं सांगायचं तर आडनावं वाचली. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी आहे, नांदेडला माझे वडील भेदभावाविरुद्ध भाषणं द्यायचे, आणि मी आडनाव वाचून निकाल लावला. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी मुदखेडच्या मुलीला भर वर्गात उभं केलं.

"न्हाई मॅडम, मी कॉपी न्हाई केली. माझंच हाय ते."

"तुझं? लाइकवाइज तुझं?" मी म्हणाले. अख्खा वर्ग हसला. माझा आवाज असा की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. डॉक्टरांची मुलगी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, किती सालस पोर, मैत्रिणीची लाज वाटतेय तिला.

"वही दाखव मग."

"वही माझ्याकडं न्हाई मॅडम," ती म्हणाली. मग कुणाकडे आहे, हे मी विचारलंच नाही. मला आणखी काय हवं होतं?

आमच्या क्लासचा नियम असा की कॉपी सापडली तर पालकांनी येऊन माफी मागायची, नाहीतर मुलाची पहिल्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये रवानगी. पहिल्या बॅचला चांगले सर शिकवतात. तिथून खाली गेलेलं मूल डॉक्टर होण्याचा नाद सोडूनच देतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं. तिचे वडील तिसऱ्या दिवशी आले. मुदखेडहून नांदेड, नांदेडहून एसटीनं लातूर. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेल्वेत ट्रॅकवर काम करतो, सुट्टी टाकून आलो, म्हणाले. रेल्वे, ट्रॅक, हे शब्द मी कानांनी ऐकले आणि तरी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

"चुकली असंल पोरगी. पदरात घ्या," ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. "मॅडमच्या पाया पड."

ती वाकली. आणि मी, सवयीनं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या मनानं माफ केल्यासारखा.

ती पहिल्या बॅचमध्ये राहिली. पण मी तिला दाराजवळच्या बाकावर एकटीला बसवलं.

दोन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत वर्गात गेले, तर त्या बाकावर तिची वही पडलेली. सहज उघडली. आठ शब्द, आठ वाक्यं. त्यातलं दुसरं वाक्य रुळाचं. खाली लाल शाईत 'व्हेरी गुड', माझी सही, आणि चाचणीच्या आठवडाभर आधीची तारीख. न वाचता ठोकलेली सही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांच्या मुलीला बोलावलं. तिनं लगेच कबूल केलं. चाचणीआधी वही मागून नेली होती, वाक्यं पाठ केली होती, मी वही मागितली त्या दिवशी ती तिच्याच घरी राहिली होती.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंच नाही, मॅडम."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण मी तर चोराला सालस ठरवून मोकळी झाले होते. संध्याकाळी मुदखेडच्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. माझी चूक झाली, वही सापडली, हे कसंबसं सांगितलं.

"मला ठाव व्हतं मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पोरीनं आधीच फोनवर सांगितलं व्हतं. तुमची सही हाय वहीवर, हे बी सांगितलं."

"मग तुम्ही माफी कशाला मागितली?"

"तुम्हाला खोटं पाडलं असतं तर पोरगी टिकली असती का तिथं? ती तर पाया पडायला तयारच नव्हती. मीच हट्ट केला. तवापासून माझ्याशी धड बोलून न्हाई राहिली." मग म्हणाले, "वर्गात एकदा सांगा मॅडम. बाकी काय नको."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. म्हणजे, हजेरी घेऊन झाल्यावर, फळा पुसता पुसता, मुलांकडे पाठ करून मी म्हणाले, मागच्या चाचणीत माझ्याकडून एक गैरसमज झाला होता, ते वाक्य तिचंच होतं. वळून पाहिलं. दाराजवळच्या बाकावर ती ताठ बसून माझ्याकडे बघत होती.

मागच्या बाकावरून एकानं हात वर केला. "मॅडम, ऐकू न्हाई आलं. परत सांगा ना."

ती अजून बघतच होती.

"वह्या काढा," मी म्हणाले.