कपाटामागची हिरवी खिडकी

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत, भास, संकेत... असल्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, रिसेलमध्ये घेतलेला. हवा यायला फक्त पुढची गॅलरी, आणि तिलाही धुळीमुळे आम्ही स्लायडिंग काचा लावून घेतल्या होत्या. मागची बेडरूम म्हणजे तर पेटीच! एकही खिडकी नाही. ओले कपडे तिथेच वाळायचे. मी आणि सहा वर्षांची गार्गी तिथे झोपायचो. सकाळी माझं डोकं जड असायचं आणि गार्गीला धाप लागायची. इनहेलर सुरू झाला होता. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "घरात हवा खेळती आहे ना?" मी "हो" म्हणाले... खोटंच.

दिवाळीनंतर माझे सासरे, आण्णा, वळसंगहून राहायला आले. सगळा जन्म शेतात गेलेला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, हितं जीव गुदमरतोय की गं."

एका मंगळवारी गार्गीचा खोकला वाढला म्हणून तिला आण्णांजवळ ठेवून मी शाळेत गेले. नवरा प्रशांत ऑफिसला. अडीच वाजता परत आले, बेल वाजवली. आतली कडी काढल्याचा आवाज आला आणि आण्णांनी दार उघडलं. घामाघूम! मागच्या खोलीत जाऊन बघते तर लोखंडी कपाट ओढून बाजूला केलेलं. भिंतीवर काळी बुरशी पसरलेली.

"आण्णा, हे काय?"

"हितं खिडकी हाय. हिरवी. बुजवलीया कुणीतरी."

"कोणी सांगितलं?"

"ती बाई आलती न्हवं! बोलण्यात तेलगू हेल हुता बगा. पोरीपाशी बसली, म्हणली, लेकराला वारा न्हाय, कपाट सरकवा, मागं हिरवी खिडकी हाय."

मला वाटलं, वय झालंय, डुलकी लागली असेल. तेवढ्यात गार्गी म्हणाली, "आई, त्या आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. थंड हात होता. मग मला झोप लागली."

मी हळूच विचारलं, "आण्णा, तुम्ही दार कोणाला उघडलं होतं?"

"कुणाला बी न्हाय. तू गेलीस तवा कडी लावली, ती आत्ता काढली."

"मग ती आत आली कशी?"

आण्णा म्हणाले, "ते काय इचारलं न्हाय बा."

खाली वॉचमनला विचारलं. कोणीही वर गेलं नव्हतं. सोसायटीतल्या सगळ्या आजी गार्गीच्या ओळखीच्या, त्यातली ही कोणी नव्हती. प्रशांत हसला, पण बुरशी बघून गंभीर झाला. सोसायटीची परवानगी काढून रविवारी गवंडी बोलावला.

विटांचा एक थर निघाला आणि गवंड्याचा हात थांबला. आत लोखंडी खिडकी होती, काचांसकट. रंग हिरवा! बाहेरून पत्रा ठोकून त्यावर प्लास्टर केलेलं. ज्यांच्याकडून फ्लॅट घेतला, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आम्ही घेतला तेव्हाही तिथे भिंतच होती."

पत्रा निघाला, खिडकीची झडप उघडली आणि झपकन वारा आत आला. मागच्या मोकळ्या प्लॉटमधला, ऊन लागलेल्या मातीचा वास असलेला. मी तिथेच फरशीवर बसले आणि का कोण जाणे, रडले.

प्रशांत म्हणतो, आण्णांनी भिंत ठोकून बघितली असेल, पोकळ आवाज आला असेल. असेलही. पण मग रंग? आणि गार्गीनं जे सांगितलं ते?

गॅलरीच्या काचाही आम्ही काढल्या. घरात धूळ येते, मी दोनदा झाडते, तक्रार नाही. महिन्याभरात माझी डोकेदुखी गेली, आणि पुढे डॉक्टरांनी गार्गीचा इनहेलर कमी करत करत बंद केला.

खिडकी बुजवली कोणी, ती बाई कोण, आली कुठून... मला आजही सांगता येत नाही. मध्यंतरी आण्णांना विचारलं, "दिसायला कशी होती हो?"

म्हणाले, "नीट बगितलीच न्हाय. पोरगी खोकायची थांबली हुती... तिच्याकडंच बगत बसलो."