पलंगाखालची पाटी

पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात भर सभेत उभा राहून मी आपल्याच घरचा नळ बंद करवला.

तेव्हा आम्ही मध्यभारतात होतो. उन्हाळा लागला की राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची आणि तिच्यामागोमाग कचेरीतले बाबू. तलाव आटायला आणि तोंडं वाढायला एकच मुहूर्त. त्या वर्षी नळ सकाळी जेमतेम तोंड दाखवून जात होता. कुणाचं पाणी तोडायचं, हे ठरवायला वॉर्डात सभा भरली. मला बोलायची खाज. म्हटलं, "आधी धंदेवाल्यांचं तोडा. मिठाईवाल्याच्या कढया धुवायच्या आणि घरच्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन बसायचं, हा कुठला न्याय?" टाळ्या पडल्या. आमच्या समोरचा हलवाई म्हणाला, "भिया, मेरे बच्चे भी उसी नल से पीते हैं." ते टाळ्यांत बुडालं. ठराव माझाच झाला.

घरी येऊन पानं मांडायला घेतली आणि हात तिथंच थांबले. वडील गेल्यापासून आई खानावळ चालवत होती. धंदा हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. "चार माणसं जेवतात आमच्याकडे," एवढंच ती म्हणायची. मीही तेच धरून चाललो होतो. दारावर मात्र पाटी होती, ठसठशीत अक्षरांत, मीच रंगवलेली. नळ गेला तर बाबू जातील, बाबू गेले तर चूल विझेल. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे त्याच चुलीवर जेवत होतो.

आईला सांगायची छाती झाली नाही. पाटी उतरवून पलंगाखाली सारली. जेवणाऱ्यांना म्हटलं, जरा हळू बोला, ताकाचे भुरके मारू नका. ते हसले. म्युनिसिपालटीचा माणूस नळ बंद करायची लांब लोखंडी चावी फरशीवर आपटत गल्ल्यांतून फिरायचा. तो खणखणाट शेजारच्या गल्लीत ऐकू आला तरी मी दार ओढून घ्यायचो. एकदा आईच्या हातून उलथनं पडलं, तर मी माजघरात जाऊन बसलो.

एका सकाळी तो आमच्या गल्लीत आला. हलवायाचा नळ बंद करून त्यानं विचारलं, "इधर और कोई धंधा?"

हलवायानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराला धरून उभा होतो. एक शब्द, आणि आमचा कारभार आटोपला असता.

"मुझे क्या पूछते हो," तो म्हणाला. "भाषणवाले भिया खड़े हैं, उनको पूछो."

"और कोई नहीं," मी म्हणालो.

तेवढ्यात ट्रंक घेतलेले एक नवे बाबू, थेट ग्वाल्हेरच्या गाडीतून उतरलेले, त्या चावीवाल्यालाच विचारते झाले, "काकूंची खानावळ कुठंय हो? पाटी असते म्हणाले होते."

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "हीच. पाटी आमच्या चिरंजीवांनी पलंगाखाली घातलीय. या, बसा."

"माँजी, खानावल है?" चावीवाल्यानं विचारलं.

"आहे. या हलवायाच्या दुकानाला जो नियम लावलात तोच इथं लावा. त्याच्या पोरांनी कोरडं राहायचं आणि माझ्याकडे लोकांनी चुळा भरायच्या, ते मला पचायचं नाही."

चावी फिरली. मोरीतला नळ गुरगुरला आणि थांबला. तसा आवाज मी पुन्हा कशाचा ऐकला नाही.

मग पाऊस येईपर्यंत बावडीच्या पायऱ्या उतरून पाणी आणायचं काम माझ्याकडे. हलवाईही तिथंच भरायचा. रोज पंगत बसली की मी दाराआडून चेहरे बघत राहायचो: आज कोण म्हणेल, काकू, उद्यापासून दुसरीकडे जेवतो? वरण जरा घट्ट दिसलं तरी मला धडकी. त्या भीतीनं पाय भरभर उचलले जायचे, आणि खांद्यावरचा हंडा डचमळत पाठ भिजवायचा.

एकदा असाच धापा टाकत घराशी पोचलो. हलवाई आपल्या पायरीवर घागर टेकवून बसला होता. त्यानं माझ्या मागची ओली वाट बावडीपर्यंत न्याहाळली.

"भिया," तो म्हणाला, "हम दोनों का पानी तो तुम बंद करा चुके. अब जो बचा है, वो सड़क को पिला रहे हो."