ओवेनच्या बदल्यात

मामांना दोन गोष्टींमधली एक निवडायची असली की ते दोन्ही तळवे पुढे करून डोळे मिटत. मग तळवे हळूहळू खाली-वर व्हायला लागत. समोर दोन फ्लॉवर असोत, दोन सोफे असोत की सुट्टीला जायची दोन गावं असोत, हा तराजू निघायचाच. मामी मागून म्हणत, "अहो, रांग खोळंबलीय." बऱ्याच वेळाने मामा डोळे उघडत आणि दोन्ही वस्तू ट्रॉलीत टाकत. साउथहॅम्प्टनच्या त्यांच्या घरात बैठकीच्या एका खिडकीला निळे पडदे होते आणि दुसरीला पिवळे. नवीन माणूस त्या पडद्यांकडे बघतच राहायचा. मामा त्याला अगदी गंभीरपणे सांगत, "एकाला नाही म्हटलं की मग दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहतं."

तसे ते खरे मामा फक्त समीरचे. समीर त्यांच्या बहिणीचा मुलगा, नोकरीसाठी मुंबईहून आलेला. पण त्याच्यामागून आम्ही जे कोणी कॉम्प्युटर बडवायला या गावात येऊन पडलो, त्या सगळ्यांचे ते मामा झाले. त्यांची स्वतःची नोकरी जहाज कंपनीत होती. कुठला कंटेनर कुठल्या बोटीवर चढवायचा याचं गणित ते आयुष्यभर करत आले. त्याआधी काही वर्षं ते अमेरिकेत होते आणि तिथून त्यांनी एकच गोष्ट जपून आणली होती, ती म्हणजे बेसबॉलचं वेड. इंग्लंडात येऊन बेसबॉल खेळणं म्हणजे पुण्यात राहून मिसळ सोडून पास्त्यावर वाद घालण्यासारखंच. पण मामांनी चिकाटीने आमची टीम उभी केली. तिच्यात निम्मे मराठी, बाकी दोन-तीन गोरे, एक जपानी आणि कोणाच्या तरी ओळखीने आलेला एक पोलिश सुतार.

आम्ही सगळे लहानपणापासून क्रिकेट खेळलेलो, त्यामुळे मामांचे फार हाल झाले. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं. आम्ही बॅट घट्ट धरून पळायचो, आणि बेस जवळ आला की क्रीजमध्ये घासत नेतात तशी ती पुढे सरकवायचो. अंपायर हसून वाकडा व्हायचा. मामा बाहेरून ओरडायचे, "अरे, बॅट टाका! इथे पळायचं तर हातातलं टाकावं लागतं!" समीरने तर एकदा बॅट घेऊन तीन बेस पार केले आणि चौथ्यावर ती उंचावून शतक ठोकल्यासारखं अभिवादन केलं. त्या दिवशी मामांनी त्याला घरी परत नेलं नाही, बसने यायला लावलं.

मला पिचर त्यांनी केलं. पिचर म्हणजे आपला बोलर, पण पळत यायचं नाही, जागेवरून फेकायचा. माझ्या हातात वेग नव्हता आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. मग एक अख्खा उन्हाळा ऑफिसनंतर ते माझ्यासमोर ग्लोव्ह घालून उकिडवे बसायचे आणि मला चेंजअप शिकवायचे. हात असा झटकायचा की चेंडू जोरात येतोय असं वाटावं, आणि प्रत्यक्षात तो रमतगमत यावा. गुडघे दुखले की उठून दोन फेऱ्या मारत, पुन्हा बसत. मला वडील नाहीत. कॉलेजात असतानाच गेले. मोठं झाल्यावर माझ्यासाठी कोणी इतका वेळ मातीत बसेल असं मला वाटलं नव्हतं, आणि हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बोलू नकोस, फेक."

गुरुवारी मामींचा उपास असे. त्या दिवशी त्या साबुदाण्याची खिचडी करत, आणि उपास त्यांचा असला तरी खिचडी आम्ही संपवायचो. निखिल आला तोही अशाच एका गुरुवारी. नागपूरचा उंच, अबोल मुलगा, खांदे किंचित पुढे झुकलेले. त्याचा चेंडू भयंकर जोरात यायचा, फक्त कुठे येईल हे त्यालाही माहीत नसायचं. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, समीर होता, त्यामुळे त्याची बोटं कायम सुजलेली. पण आला त्याच वर्षी हिवाळ्यात निखिलची नोकरी गेली. व्हिसा टिकवायला नवीन स्पॉन्सर शोधायचा होता. बायको लहान मुलीला घेऊन नागपूरला परत गेली, "तुझं काही ठरलं की येते" असं सांगून. तेव्हापासून तो आठवड्यात दोनदाच घराबाहेर पडायचा, एकदा मामींच्या खिचडीला आणि एकदा रविवारी मैदानावर.

आमच्या या छोट्या लीगमध्ये एक पद्धत होती. टीम चारच. एखादी फार लंगडी पडू नये म्हणून सीझनच्या आधी कप्तान पबच्या मागच्या खोलीत जमत आणि एकास एक खेळाडू बदलून घेत. गेलेला माणूस दोन सीझन तिकडेच. कागदबिगद काही नाही, दोन कप्तानांनी हात मिळवले की झालं. मात्र ज्याला द्यायचं त्याच्या घरी जाऊन कप्तानाने त्याला आधी स्वतः सांगायचं, हा नियम कडक. मामांनी इतक्या वर्षांत एकदाही कोणाची अदलाबदल केली नव्हती. बाकीचे कप्तान त्यांची चेष्टा करायचे.

पण गेल्या वर्षी त्यांना करावी लागली, कारण आमचं मागचं मैदान उघडं पडलं होतं. तिथे, उंच उडालेले चेंडू धरायला, सेंटर फील्डला इतकी वर्षं स्वतः मामाच उभे असायचे. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या हातून झेल सुटायला लागले. चेंडू डावीकडे पडायचा आणि ते उजवीकडे बघत असायचे. "ऊन आलं डोळ्यावर," ते म्हणायचे. आम्ही वर बघायचो तर सगळं आभाळ राखाडी. आम्हाला वाटलं, वय झालं.

पोर्ट्समथच्या टीमकडे ओवेन नावाचा एक पोस्टमन होता. चेंडू बॅटवरून सुटायच्या आधीच हा पळायला लागलेला असायचा. त्यांचा कप्तान ग्रॅहम म्हणाला, "ओवेन घेऊन जा, पण तुझ्या दोन पिचर्सपैकी एक मला दे. कोणता, ते तू ठरव."

झालं. मामांचे तळवे वर आले ते तीन आठवडे खाली गेले नाहीत. समीरचं मत स्वच्छ होतं, "मामा, निखिलला द्या. सिम्पल आहे. माझी बोटं तरी वाचतील." आणि बेसबॉलच्या हिशेबानेही ते बरोबर होतं. मामा स्वतःच आम्हाला समजावून सांगायचे की मंदारचा, म्हणजे माझा, चेंडू मंद, त्यावर बॅट्समन उंच फटके मारतो, म्हणून त्याच्यामागे चांगला आउटफील्डर हवा. निखिलचा चेंडू एक तर लागत नाही, नाही तर समीरच्या डोक्यावरून जातो. "म्हणजे ओवेनचा खरा उपयोग मंदार असला तरच," ते म्हणायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. मामी म्हणाल्या, "मग दोघांनाही ठेवा आणि तो पोस्टमन नको." त्यावर मामा फार थकल्यासारखे हसले. "अगं, या वेळी तसं नाही करता येणार."

पबमधल्या बैठकीच्या आदल्या रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दारात मामा. हातात मामींनी दिलेला डबा.

"मंदार, तुला देतोय," उंबऱ्यातच ते म्हणाले. आत येऊन, बूट काढून, पाणी पिऊन सांगावं इतकाही धीर त्यांना नव्हता.

मी डबा घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना, ओवेन माझ्यासाठीच हवा? मग लॉजिक काय आहे, मामा?"

"लॉजिक नाही. हरू आपण."

"मग?"

ते खुर्चीत बसले. "तुला दिलं तरी तू गुरुवारी येशील. रागावशील, तोंड फुगवशील, पण येशील. निखिलला दिलं तर तो पोर्ट्समथला जाणार नाही, आणि माझ्याकडेही येणार नाही. खोलीत बसेल. काय करून घेईल मला माहीत नाही. मला भीती वाटते रे त्याच्यासाठी."

"म्हणजे मी धडधाकट आहे ही माझी चूक?"

"हो," मामा म्हणाले. "तसंच समज."

मला भयंकर राग आला होता. कारण पटत होतं, म्हणून जास्तच आला. मी डबा उघडलासुद्धा नाही. त्या गुरुवारी गेलो नाही. शुक्रवारी मामींचा फोन आला, "तुझ्या वाटणीची खिचडी फ्रीजमध्ये आहे, ती कोणी खायची?" पुढच्या गुरुवारी गेलो. मामांनी दार उघडलं, ते आत वळले आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, ताट वाढ, पोर्ट्समथवाले आले."

मामांनी म्हटल्याप्रमाणे आमची टीम, म्हणजे आता त्यांची टीम, हरत गेली. निखिल बेफाम फेकायचा आणि ओवेन मागे नुसता उभा राहून कंटाळायचा. पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध पिच करायला उभा राहिलो तेव्हा मामा कडेला फोल्डिंगच्या खुर्चीत बसले होते. मी समीरला चेंजअप टाकला, त्याची बॅट चेंडूच्या कितीतरी आधी फिरून गेली. टाळी वाजवणारे एकटे मामा. समीर चिडून म्हणाला, "मामा, तुम्ही नेमके कोणाच्या साइडला आहात?" इतक्यात बंदरातून निघणाऱ्या क्रूझचा भोंगा झाला आणि मामांचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही. आम्ही पोर्ट्समथवाले जिंकलो. मला अजिबात बरं वाटलं नाही.

पण निखिल रविवार चुकवत नव्हता. हरले तरी सामान आवरायला शेवटपर्यंत थांबायचा. मामा त्याच्याकडून शेजारी बसून नोकरीचे अर्ज करून घ्यायचे, इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायचे. पानगळ सुरू झाली तेव्हा त्याला गावातच नोकरी लागली. त्याची बायको आणि मुलगी परत आल्या. विमानतळावरून तो त्यांना घेऊन थेट मामांकडे आला. मुलगी पिवळ्या पडद्यामागे लपली आणि बाहेर यायलाच तयार नव्हती. मामा तिच्याशी खेळायला उठले आणि चालता चालता डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आदळले. रक्त आलं. त्यांना ती चौकट दिसलीच नव्हती. त्यानंतर तपासण्या झाल्या आणि मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी काढता आली नाही.

मामा या वसंतात गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचा भेटलो, ती दुपार माझ्या मनातून जात नाही. सीझनची प्रॅक्टिस सुरू झाली होती. मी मैदानावरून तसाच हॉस्पिटलला गेलो, अंगात पोर्ट्समथचं मरून रंगाचं जॅकेट. मामी पलंगाशी बसून संत्रं सोलत होत्या. निखिलने त्यांना गाडीतून आणलं होतं, तो खाली पार्किंग शोधत होता. मामांचं डोकं एव्हाना काळाची सरमिसळ करायचं. कधी ते अमेरिकेत असत, कधी बंदरावर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जॅकेटकडे.

"ग्रॅहम," ते म्हणाले.

"अहो, मंदार आलाय," मामी म्हणाल्या.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. उठून बसायची धडपड करत ते म्हणाले, "ग्रॅहम, आय हॅव थॉट अबाउट इट. टेक निखिल. गुड आर्म. व्हेरी फास्ट." मग दम लागला म्हणून थांबले. "नॉट मंदार. प्लीज." आणि मग, समोर इंग्रज माणूस आहे हे विसरून, मराठीत, "मंदार नाही रे देता येणार मला. दुसरं काहीही माग."

निखिल खाली होता हे फार बरं झालं. मी मामींकडे बघितलं. त्यांच्या हातातली फोड हातातच राहिली होती. मी पलंगाच्या जवळ गेलो आणि ग्रॅहम बोलला असता तसं म्हणालो, "ओके. कीप हिम."

"शुअर?"

"शुअर. मंदार स्टेज विथ यू."

मामांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला. पबच्या मागच्या खोलीत धरत असत तसा. मी तो हातात घेतला. "थँक यू, ग्रॅहम," ते म्हणाले. हात तसाच माझ्या हातात ठेवून त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली.

मामींनी संत्र्याच्या साली कागदात गुंडाळल्या, पदराने डोळे पुसले.

"मंदार," त्या हळूच म्हणाल्या, "आता ते जॅकेट काढून ठेव."

मी काढलं.