रावणाचा चौबगला

खोडाळ्याच्या बाजारात तुळशीदासचं शिलाईचं दुकान आहे. आपण किती शहाणे आहोत हे गिऱ्हाइकाला ऐकवायची त्याला भारी हौस. अलीकडे मात्र तो आपण किती येडे आहोत हेच जास्त सांगतो, आणि सांगताना हसू आवरलं नाही की सुईतून दोरा सुटतो.

या येडेपणाची सुरुवात जव्हारच्या एका रद्दीवाल्याकडे झाली. तिथे त्याला जुन्या पोशाखांचं जाडजूड सचित्र पुस्तक मिळालं. मजकूर सगळा इंग्रजी, आणि तुळशीदासचं इंग्रजी कॉलरमागच्या लेबलापुढे कधी गेलेलं नव्हतं. पण चित्रं! अंगरखे, बाराबंद्या, पगड्या. कुठे नाडी, कुठे चुणी, सगळं रंगवून दाखवलेलं. जन्मभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आणि साड्यांना फॉल लावणाऱ्या माणसाच्या हाती असं पुस्तक पडलं आणि त्याचं डोकंच फिरलं. परकर शिवायला टाकणाऱ्या बायांना तो सरदारांची चित्रं दाखवू लागला. बाया परकराचं कापड परत घेऊन जाऊ लागल्या.

"आता राजांचेच कपडे शिवा," बायको चंद्रा म्हणाली, "आणि शिलाईपण त्यांच्याकडनंच घ्या."

तुळशीदासच्या मनात राजा होताच. चंद्राचा बाप लाडक्या हा पोशेरा गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, दरवर्षी रावणाचं सोंग नाचायचा. तोंडाला लाकडी मुखवटा, उगारलेल्या दोन्ही हातांत तलवारी, मागे संबळ, आणि अंगावर मात्र बायकोचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. यंदा म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. पुढच्या वर्षीपासून मुखवटा पुतण्याकडे जाणार होता. इतक्या वर्षांत सासऱ्याने जावयाच्या हातची एक बंडीसुद्धा घातली नव्हती. बसून करायचं काम ते काय काम, असं तो चारचौघांत म्हणायचा. ते तुळशीदासला फार लागायचं. त्याला एकच हवं होतं: शेवटचं सोंग सासऱ्याने आपण शिवलेल्या कपड्यांत नाचावं.

पुस्तकात रावणाचं पान नव्हतं. तुळशीदासने एक सरदार निवडला आणि लाल साटीन आणलं. चित्रात सरदाराशेजारी त्याचा अंगरखा पसरून दाखवला होता, आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा, वेगळ्या रंगाचा. तो बघून तुळशीदासला कोण हसू आलं! सरदार झाला तरी काख फाटायचीच, आणि चित्रकार एवढा प्रामाणिक, की त्याने ठिगळसुद्धा गाळलं नाही. पण आपण तर नवं शिवतोय, आपल्याला ठिगळ कशाला? असं म्हणून त्याने पुस्तकाची चूक सुधारली.

सोंगाच्या आदल्या दुपारी तो अंगरखा घेऊन चंद्रासोबत पोशेऱ्याला गेला. लाडक्याने आढेवेढे घेत अंगात घातला. बाह्या चित्रातल्यासारख्या घट्ट, छाती भरलेली. म्हातारा खरोखर सरदार दिसत होता. अंगणात माणसं जमली.

"आता हात उगारा ना, मामा," तुळशीदास ऐटीत म्हणाला.

हात खांद्यापर्यंत गेले आणि अडले.

"जावाय, मना बुजगावना केलास का र?" लाडक्या चिडला आणि त्याने दोन्ही हात झटक्यात वर नेले. टर्रकन दोन्ही काखा फाटल्या. अंगणभर हसू उसळलं. "काढ ह्यो. माझा लुगडाच बरा!"

तुळशीदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगरख्याचा बोळा घेऊन तो ओट्यावर बसला आणि भोकात बोट घालून बघत राहिला. मग पुस्तक उघडलं. साटीन जिथे फाटलं होतं, बरोब्बर तिथेच चित्रात तो चौकोनी तुकडा होता. ते ठिगळ नव्हतंच. हात मोकळा वर जावा म्हणून मुद्दाम लावलेला तो चौबगला होता. हा शब्द त्याने शिलाई शिकवणाऱ्या उस्तादाच्या तोंडून ऐकलाही होता, पण शर्टाला लागत नाही म्हणून विसरून गेला होता. पुस्तकाने सांगायचं ते सगळं सांगितलं होतं; मध्ये तुळशीदासचं शहाणपण आडवं आलं. तो एकटाच हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं.

लाल साटीन चिंधीभरही उरलं नव्हतं. चंद्राच्या पिशवीत गणवेशाचं निळं चौकड्यांचं कापड निघालं. तेच कापून त्याने हातशिलाईने काखांत बसवलं आणि सासऱ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, एकदाच घाला. पुस्तक बरोबर होतं. चुकलो मी."

जावयाच्या तोंडून 'चुकलो' हे म्हाताऱ्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्याने बाह्यांत हात घातले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रावण निघाला. त्याने तलवारी उगारल्या की काखेतले निळे चौकडे दिसायचे, आणि पोरं ओरडायची, "रावन आपलेच शाळंत हाय!" तुळशीदास तोंड लपवून गर्दीच्या मागे उभा होता. पण हात वर जात होते, पार आभाळापर्यंत जात होते, आणि म्हातारा थांबायचं नाव घेत नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लाडक्या दुकानात आला तो तोच अंगरखा घालून. खाली अर्धी चड्डी. तो बाकावर ऐसपैस बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात वर करून दाखवू लागला. मग म्हणाला, "जावाय, हेला खिसा लाव. तंबाखू ठेवाया जागाच नाय."

सरदाराच्या अंगरख्याला खिसा नव्हता, हे तुळशीदासच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण शहाणपण पुन्हा आडवं यायच्या आत त्याने सुईत दोरा ओवला. खिसा लावला, आणि चुन्याच्या डबीसाठी आणखी एक.